मूठभर जवळा

राज्यमंत्री नुसतं "तीस वर्षं" म्हणाले आणि भिकाजीच्या तोंडचा शब्द तोंडातच राहिला. तसं बघायला गेलं तर त्यात दचकण्यासारखं काहीच नव्हतं. प्रश्न त्याचाच, तारांकित, रीतसर दिलेला, आणि त्याची उत्तरं छापून सकाळीच बाकावर आलेली. अंधेरीच्या पश्चिमेस खाडीकाठच्या कोळीवाड्यातील प्रसूतिगृह उद्घाटनापासून कुलूपबंद आहे, हे खरे आहे काय? होय. तेथे अद्याप डॉक्टर नेमलेला नाही, हे खरे आहे काय? बाब विचाराधीन आहे. त्यामुळे तेथील कुटुंबांना आजारपणात राहती घरे गहाण टाकावी लागतात, हे खरे आहे काय? प्रश्न उद्भवत नाही. आरोग्य आणि विधी व न्याय ही दोन्ही खाती या एकाच राज्यमंत्र्यांकडे होती. आजारपण एका खिशात, कोर्टकचेरी दुसऱ्यात, आणि दोन्ही खिशांना भोकं. भिकाजी उपप्रश्नाला उभा राहिला. गहाण घर सोडवून घ्यायला कायद्यानं किती मुदत दिली आहे, आणि दुखण्यापायी गहाण पडलेल्या घरांपुरती ती मुदत उठवावी अशी शिफारस शासन केंद्राकडे करणार आहे काय, असं त्यानं खणखणीत आवाजात विचारलं. मंत्र्यांनी चिठ्ठीकडे न बघताच सांगितलं, "अध्यक्ष महाराज, मुदत तीस वर्षं. तेवढ्यात सोडवलं नाही तर सोडवण्याचा हक्क संपतो. मग ती वस्तू ज्याच्याकडे गहाण असेल त्याची." हे भिकाजीला ठाऊक होतं. वकिलानं त्याला पुन्हा पुन्हा समजावलं होतं. पण त्या थंडगार सभागृहात, इतक्या माणसांसमोर ते वाक्य मोठ्यानं उच्चारलं गेलं आणि त्याला वाटलं, हे घराविषयी नाहीच, हे माझ्याविषयी बोलतायत. नाकात सुक्या जवळ्याचा वास शिरला. तिथं जवळा कुठून येणार? पुढचा उपप्रश्न हातातल्या कागदावर होता, तो त्याला वाचता येईना. "सन्माननीय सदस्यांना आणखी काही विचारायचंय?" अध्यक्ष म्हणाले. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. अध्यक्ष भला माणूस. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि प्रश्न उद्यावर राखून ठेवला.

बाहेर लॉबीत मंत्र्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भिकाजीराव, प्रेशर-बिशर तपासून घ्या. आणि एक सांगू? उद्या पहिला भाग घ्या, कुलपाचा. डॉक्टर देतो, महिन्याभरात देतो, तुमचंच नाव होईल. गहाणाचं तेवढं सोडा." "का?" भिकाजीनं विचारलं. "का म्हणजे? त्या कृष्णाबाई कोळणीचं घर कुणाकडे गहाण आहे हे तुम्हाला माहीत नाही होय? मागच्या इलेक्शनला तुमच्या प्रचाराची जीप कुणाची होती? त्या पेढीवाल्याच्या मुलाला तिथं बिल्डिंग बांधायचीय, बांधू दे की. आणि लहानपणापासून तुमची त्या घरात ऊठबस आहे म्हणे. उद्या कुणी उठून विचारलं, सदस्यांचा यात काही हितसंबंध आहे काय, तर? सभागृहाला सांगावं लागतं, नियम आहे. कशाला हसं करून घेताय? शेवटी तुम्ही आपले माणूस." आपले माणूस. एवढ्या सहजपणे त्याला उभ्या जन्मात कुणी आपलं म्हटलं नव्हतं. जिनं म्हणायला हवं होतं तिनं तर नाहीच नाही. मंत्र्यांना नमस्कार करून तो पायऱ्या उतरला आणि गाडीत येऊन बसला.

गाडी लवू चालवत होता. लवू मालवणकडचा, पक्षाच्या कचेरीनं दिलेला ड्रायव्हर. एरवी तोंडाला कुलूप म्हणून नाही, पण आज साहेबांचा चेहरा बघून गप्प. माहीमची खाडी मागे पडली. सांताक्रूझला एक विमान डोक्यावरून इतकं खालून गेलं की भिकाजीनं लहानपणासारखी मान आत ओढली, आणि मान ओढताना त्याला आई आठवली. आई म्हणजे सगुणा. गिरणीतल्या नवऱ्यामागून कोकणातून आलेली, अंधेरीच्या बैठ्या चाळीत एका खोलीत राहणारी. भिकाजीच्या आधी तिची पोरं जगली नव्हती. पाचवीच्या रात्री, नाहीतर तिच्या आगेमागे, जायचीच. भिकाजी झाला तेव्हा तिनं गावची जुनी युक्ती काढली. पोर दुसऱ्याला विकायचं, म्हणजे मरणाला ते सापडत नाही. कुणी मूठभर कोंड्याला विकतात, कुणी पसाभर नाचण्याला. असली पोरं कोकणात गावोगाव आहेत. पण सगुणा पडली चिवट. विकलं की परकं झालं, असं म्हणून तिनं पोर विकलं नाही, गहाण ठेवलं. पाटी घेऊन दारावर येणारी कृष्णाबाई कोळीण, जिची सगळी पोरं धडधाकट होती, तिला उंबऱ्याबाहेर उभं केलं, पोर सुपात घातलं आणि सूप तिच्यापुढे सरकवलं. कृष्णाबाईनं पोर उचलून पदराखाली घेतलं आणि रिकाम्या सुपात मूठभर सुका जवळा टाकला. पोराच्या लग्नाआधी आईनं मूठभर जवळा परत करायचा आणि पोर सोडवून न्यायचं, असा करार. ना कागद, ना अंगठा. घटकाभरानं कृष्णाबाईनं ते पोर सांभाळायला म्हणून सगुणेकडेच दिलं आणि पाटी डोक्यावर घेऊन ती पुढच्या दाराला गेली.

तेव्हापासून तो आईच्या घरात दुसऱ्याची ठेव म्हणून राहिला. "कोणाचो रे तू?" ती दारात उभी राहून मुद्दाम विचारायची, सगळ्या चाळीला, आणि चाळीबाहेर जे काही कान देऊन उभं असेल त्यालाही ऐकू जाईल असं. "कृष्णाबायचो!" तो ओरडायचा. "मगे हय कित्याक रवलंस? जा तुझ्या आवशीकडे!" मग दार लोटून ती त्याला पोटाशी धरायची, पण तेव्हाही तोंडानं काही नाही. दिवा मालवल्यावर तिचा हात त्याच्या पाठीवरून फिरायचा, नुसता हात. आता तरी ती 'माझो झील', माझा मुलगा, म्हणेल म्हणून तो झोपेचं सोंग घ्यायचा. एकदाही म्हणाली नाही. आपण झोपलो तरी मरण झोपत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो शाळेत असतानाच ती गेली, पाठच्या बाळंतपणात, वडील गाडी बघायला गेले ते परत यायच्या आत. पोर सोडवायचं राहून गेलं ते गेलंच. पुढे लग्न झाल्यावर त्यानं हे सगळं बायकोला, प्रेमाला, गंमत म्हणून सांगितलं. प्रेमा शाळेत विज्ञान शिकवते. ती डोळ्यांत पाणी येईतो हसली. म्हणाली, "म्हणजे मी दुसऱ्याचाच माल घरात आणला म्हण की!" तोही हसला. पण त्यानंतर त्यानं ही गंमत पुन्हा कुणाला सांगितली नाही.

कारण तोवर कृष्णाबाईच्या घरी मरण येऊ लागलं होतं. आधी थोरला हरेश्वर, विषमज्वरानं. त्याच्या औषधपाण्यासाठी घर पेढीवाल्याकडे गहाण पडलं. पोर गेलं आणि घर काही सुटलं नाही. मग मधले दोघं, एकाच होडीतून. मग रामचंद्र, ज्याला कधी साधं पडसं झालं नव्हतं. शेवटी लेक द्रौपदी, तिच्या मुलीला, मथुरेला, जन्म देऊन. आणि भिकाजी? भिकाजीला ताप म्हणून माहीत नाही. मोर्च्यात लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात जाऊन आला, घाटात टॅक्सी उलटली तिच्यातून कपडे झटकत बाहेर पडला. साहेबांवर देवाची कृपा, असं लोक म्हणत. त्याला मात्र किती वर्षांपासून एक विचार येई, आणि तो आला की तो मोठ्यानं खाकरे, पेपर उघडी, कुणालातरी फोन लावी. विचार असा, की मरणाला हवं होतं सगुणेचं पोर. सगुणेनं त्याला पत्ता दिला कृष्णाबाईचा. ते बापडं त्या पत्त्यावर जात राहिलं, दर खेपेला तिथं जे सापडेल ते उचलून नेत राहिलं, आणि दर खेपेला ते चुकीचं निघालं. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात म्हणतात. भिकाजी जन्मापासून सुपातच होता, पण त्याला हसू येत नव्हतं. आता त्या पत्त्यावर कृष्णाबाईखेरीज एकटी मथुरा उरली होती, आणि मथुरेचे दिवस भरत आले होते.

आज सभागृहात त्याची वाचा गेली ती यामुळे. तीस वर्षं उलटली की वस्तू ज्याच्याकडे गहाण त्याची. म्हणजे आपण नुसते गहाण उरलेलो नाही. आपण कायमचे त्या घरचे झालो, आणि मरण आपल्याला शोधायला तिथंच येत राहणार. आमदार माणूस, बुवाबाजीवर भाषणं ठोकणारा! त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. प्रेमाला हे कळलं तर ती या खेपेला हसणारही नाही, नुसती बघत राहील. तरी अंधेरी आल्यावर तो म्हणाला, "लवू, मासळीबाजाराकडनं घे." सुक्या मासळीवालीनं त्याला ओळखलं. "सायेब, तुमच्याकडनं पैसं घेऊ? न्या तसाच," म्हणत तिनं जवळ्याची पुडी त्याच्या हातात कोंबली. "पैसे घे," तो म्हणाला. ती नको नको करू लागली. "पैसे घे म्हणतो ना!" तो एवढ्यानं ओरडला की साऱ्या बायका वळून बघायला लागल्या. फुकटच्या जवळ्यानं तो सुटणार नव्हता. गाडीत बसल्यावर लवूला राहवेना. "साहेब, जवळो व्हयो होतो तर माका नाय सांगायचां?" भिकाजी पुडी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत राहिला.

कोळीवाड्याच्या तोंडाशीच ते प्रसूतिगृह. पिवळ्या भिंती, हिरवी दारं, दाराला भलंमोठं कुलूप. ते उघडावं म्हणून त्यानं मंत्रालयाच्या पायऱ्यांवर चपला झिजवल्या होत्या. पायऱ्यांवर कुणीतरी बोंबील पसरले होते, कठड्यावर जाळी टाकली होती, आणि जाळीआड संगमरवराची पाटी, तिच्यावर त्याचं नाव. नारळ त्यानंच फोडला होता. त्या दिवशी कृष्णाबाईला पुढच्या रांगेत खुर्ची दिली होती, पण ती बसलीच नाही, दारापाशी जाऊन तिनं विचारलं, "आत कोन हाय?" सगळे हसले होते. आत कुणीच नव्हतं.

आज ती आपल्या ओटीवर बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले, अंगानं मूठभर झालेली. उन्हं कलली होती. मथुरा भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती; सूप तिच्या पोटावरच टेकलं होतं. तिचा नवरा बोटीवर गेलेला. "मामा आयलं," म्हणून ती उठायला लागली. "बस, बस, उठू नको," तो म्हणाला.

"कोन रं?" कृष्णाबाईनं विचारलं.

"मी भिकाजी."

"भिकाजी म्हंजे कोनाचा?"

लहानपणचं उत्तर जिभेवर आलं आणि तिथंच अडलं. त्यानं पुडी सोडली, तिचा हात उघडला आणि जवळा तिच्या तळहातावर ओतला. तिनं हात नाकाशी नेला.

"सोरवायला आयलास?"

"हो."

"कोनाला?"

"मला."

ती हसली, तोंडात एकही दात नसताना हसली. "आरं, गहान टाकलेली वस्त सोताच चालत येते काय सोताला सोरवायला? ज्यानं टाकली त्यानं यायचा असतंय."

"आता ती कुठनं येणार?"

"आयलेली ना," कृष्णाबाई म्हणाली.

मथुरेचा सुपातला हात थांबला. भिकाजीला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पण ती अगदी शांतपणे, बाजारातला भाव सांगावा तसं सांगत होती. "तुजी आयस. हरेश्वर गेला त्याच्या मागून आयलेली. तू शालंत व्हतास. पदराला जवळा बांधून आयली, ह्या पायरीवर उभी रायली नि म्हनली, कृष्णाबाय, माझो झील माका दी. माझो म्हनली. जोरानं म्हनली. सगल्या आलीनं आयकला."

भिकाजीनं ओटीच्या खांबाला हात धरला. माझो झील. ज्या दोन शब्दांसाठी तो रात्र रात्र डोळे मिटून जागा राहिला, ते इथं, या पायरीवर, भर दिवसा बोलले गेले होते. सगळ्या आळीनं ऐकले होते. कोंबड्याकुत्र्यांनी ऐकले होते. तो तेव्हा वर्गात बसून पाढे म्हणत असेल. त्याला आईचा इतका राग आला, आणि रागाच्या खाली इतकं बरं वाटलं, की बसल्या जागी रडू फुटेल म्हणून त्यानं ओठ आवळून धरले.

"मग?" त्यानं विचारलं.

"मग काय? मी नाय दिला."

"का?"

"का म्हंजे? माजा हरेश्वर जाऊन आठवडा नव्हता झाला, नि हिचा जिता. मना राग आयला. मी सांगला, माजा एक गेला, ह्यो मी नाय देत, जा. ती लय रडली. जवळा हितंच टाकून गेली. दिवालीला ती बी गेली. मग देनार कोनाला?"

समुद्राकडून वारा आला आणि दोरीवरची लुगडी हलली. जे त्यानं आजवर स्वतःशीसुद्धा धड म्हटलं नव्हतं ते त्यानं विचारलं, आणि त्याचा सभा गाजवणारा आवाज शाळकरी पोरासारखा निघाला. "मग पुढं रामचंद्र... द्रौपदी... ती सगळी माझ्यामुळं गेली?"

"मी बी लय इचार केलाय," कृष्णाबाई म्हणाली. "तवाच तुला दिला असता तं माजी पोरा रायली असती काय. कधी वाटतं, व्हय. मग वाटतं, सगुणेला तं कोनी गहान ठेवली नव्हती, ती कशी मेली? गारी नाय गावली म्हून मेली. द्रौपदीला बी गारी नाय गावली. मना नाय समजत. तुला समजतं काय?"

"नाही," भिकाजी म्हणाला. ते खरं होतं.

"मग उगा ऱ्हा रं."

"तरी आता दे मला. मथुरेचं व्हायच्या आधी दे."

"आता दिला तं तू सुटशील. सुटलास का जाशील. हिच्या येलेला मग कोन उभा रायल? ते कुलूप?" तिनं मूठ घट्ट मिटली आणि हात मथुरेकडे केला. "ह्यो घे गं, कांद्यावर टाक. मामा जेवून जायल."

मथुरेनं भिकाजीकडे एकदा बघितलं, जवळा ओंजळीत घेतला आणि भिंत धरत आत गेली. थोड्या वेळानं कांदा परतल्याचा वास आला. तो जेवला. स्वतःच्या सुटकेचा ऐवज भाकरीबरोबर खाल्ला. कोकम थोडं जास्त पडलं होतं, पण चव चांगली होती, आणि चव कळते आहे याचंच त्याला फार नवल वाटलं. निघताना मथुरा पायरीपर्यंत आली. "मामा, ते दार उघरंल ना हो?" तिनं हळूच विचारलं. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. तिला भीती वाटत होती, त्याच्यापेक्षा किती तरी साधी भीती. "बघतो," तो म्हणाला, आणि आपण हा शब्द किती लोकांना दिला असेल हे आठवून त्याला शरम वाटली. प्रसूतिगृहाजवळून जाताना पायऱ्यांवर कुणीतरी बसलंय असं त्याला दिसलं. जाळं होतं, कठड्यावरून घसरून गोळा झालेलं. जाळंच होतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. तरी गाडीत बसेपर्यंत त्यानं मागं वळून पाहिलं नाही, आणि लवूनं "साहेब, घराक?" असं विचारलं तेव्हा कोणतं घर, हे समजायला त्याला एक क्षण लागला.

दुसऱ्या दिवशी राखून ठेवलेला प्रश्न पुकारला गेला. भिकाजीनं कुलपाचा भाग घेतला. मंत्र्यांनी डॉक्टर देण्याचं आश्वासन दिलं; महिन्याभरात म्हणाले. "या आठवड्यात," भिकाजी म्हणाला. बाकं वाजली, आणि मंत्री समजूतदारपणे हसून "या आठवड्यात" म्हणाले. आता हा बसेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. भिकाजी बसला नाही. त्यानं दुसरा भाग काढला. खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं कृष्णाबाईचं राहतं घर, मुलाच्या दुखण्यापायी गहाण पडलेलं, मुदत टळली म्हणून आता तिच्याखालून काढून घेतलं जात आहे. शासन काय करणार आहे? जीपवाल्याचं नावही त्यानं घेतलं. सत्ताधारी बाकांवर कुजबुज झाली. मंत्री सावकाश उठले, त्यांनी चष्मा पुसला. "अध्यक्ष महाराज, मला आधी एक माहिती हवी आहे. सन्माननीय सदस्यांचा या घरात काही हितसंबंध आहे काय?"

मागच्या बाकावरचा कालचा हसणारा आताही तयारीत होता. खाली वृत्तलेखक पेन्सिली धरून बसले होते. इथं जे बोललं जाईल ते लिहिलं जाणार होतं, छापलं जाणार होतं. नाही म्हटलं की संपलं. नाही म्हटलं तर ते खोटंही ठरणार नव्हतं, त्याच्या मालकीची त्या घरात एक वीटसुद्धा नव्हती. त्याला आई दिसली, दारात उभी, बाहेरच्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं खोटं बोलणारी. आणि मग तीच आई, पायरीवर उभी, तितक्याच मोठ्यानं खरं बोलणारी. बाहेर कुणी असेलच कान देऊन, तर आता त्यानं नीट ऐकावं. पुन्हा चुकीच्या माणसाला हात लावू नये. त्याला भीती वाटत होती, आणि तरी आवाज मात्र खणखणीत निघाला.

"आहे, अध्यक्ष महाराज. त्या घरात मी गहाण आहे. सगुणेचा मुलगा, भिकाजी. नाव नीट लिहून घ्या."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही, आणि मग सगळं सभागृह हसायला लागलं. मंत्री हसले, अध्यक्षही हसले. भिकाजी बसला नाही. तो दाराकडे बघत उभा राहिला.